एकमताचे प्रामाण्य

एकट्या साक्षीदाराच्या तोंडून ऐकलेली गोष्ट आपण संशयाने घेतो, दुसऱ्याने तीच सांगितली म्हणजे तो संशय सैल पडतो, आणि तिसऱ्याने तिला दुजोरा दिला की बहुतेक माणसे चौकशीचे कागद बांधून ठेवतात. न्यायासनासमोर, देवळाच्या सभामंडपात, बाजारात आणि घरच्या ओसरीवर हाच रिवाज चालत आला आहे, आणि तो इतका अंगवळणी पडला आहे की त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अनेकांचे एकमत हे सत्याचे गमक आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटीवर? हा प्रश्न आपल्याकडील प्रमाणशास्त्राने फार पूर्वी हाती घेतला होता. आज तो पुन्हा दारात येऊन उभा राहिला आहे, कारण साक्ष देणाऱ्यांच्या रांगेत आता यंत्रेही येऊन बसली आहेत.

चित्र पाहून त्याविषयी शब्दांत उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची जी मॉडेले गेल्या काही वर्षांत निर्माण झाली, त्यांतील महाकाय मॉडेलांना यंत्रांनी भरलेल्या इमारती लागतात; परंतु त्यांच्याच पंक्तीला काही लहान मॉडेलेही तयार झाली असून, दोन-तीन अब्ज अंकांच्या भांडवलावर ती एखाद्या साध्या संगणकात, प्रसंगी हातातल्या फोनमध्येही चालू शकतात. लहान मॉडेलाची नजर अर्थातच थोडी कच्ची असते. तेव्हा अशी तीन किंवा पाच मॉडेले एकत्र जुंपावी, एकाने चित्राचे वर्णन करावे, दुसऱ्याने ते पारखावे, तिसऱ्याने निवाडा द्यावा, किंवा सर्वांनी आपापले मत देऊन बहुमत मोजावे, आणि अशा सहकार्यातून एका मोठ्याची बरोबरी साधावी, अशी कल्पना पुढे आली. या प्रयत्नाविषयी मला मनापासून आस्था आहे. तालुक्याच्या गावातील एखाद्या दवाखान्यातले रुग्णाचे क्ष-किरण चित्र समुद्रापलीकडच्या कोणा कंपनीच्या कोठारात न जाता त्याच खोलीत तपासले जाणार असेल, तर त्यात केवळ खर्चाची बचत नाही, माणसाच्या अब्रूचीही राखण आहे. म्हणूनच या सहकार्यावर किती भिस्त ठेवावी याची तपासणी मऊ हाताने करून चालणार नाही.

बहुमताच्या बाजूने सर्वांत भारदस्त पुरावा आणला तो फ्रान्सच्या मार्की द कोंदोर्से याने. १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याने दाखवून दिले की, प्रत्येक पंच चुकण्यापेक्षा बरोबर असण्याचा संभव थोडा जरी अधिक असला, तरी पंचांची संख्या वाढवीत नेल्यास बहुमताचा निवाडा बरोबर असण्याचा संभव पूर्णत्वाकडे सरकत जातो. शंभरांत सत्तर वेळा बरोबर ठरणारे तीन पंच घेतले तर त्यांचे बहुमत शंभरांत सुमारे अठ्ठ्याहत्तर वेळा बरोबर येते, आणि तसेच पाच घेतले तर सुमारे चौऱ्यांशी वेळा. लहान मॉडेलांच्या सहकार्याची सारी आशा या हिशेबावर उभी आहे. परंतु याच हिशेबाला एक दुसरी बाजू आहे आणि तिचा उल्लेख क्वचित होतो: प्रत्येक पंच शंभरांत चाळीस वेळाच बरोबर असेल, तर तिघांचे बहुमत पस्तीस वेळाच बरोबर येते, म्हणजे पंच वाढवावे तसा निवाडा अधिक बिघडतो. ज्या प्रश्नात प्रत्येकाचीच नजर फसते, त्या प्रश्नात सभा भरविणे हे एकट्याला विचारण्याहून घातक ठरते.

आणि याहूनही महत्त्वाची अट अशी की, प्रत्येक पंचाची चूक दुसऱ्याच्या चुकीपासून स्वतंत्र असली पाहिजे. ही अट कागदावर मागणे सोपे, प्रत्यक्षात पुरी करणे किती बिकट, याचा एक अनुभव संगणकशास्त्राच्या दप्तरात नमूद आहे. जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन या दोघा संशोधकांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन अमेरिकन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांकडून एकाच कामाच्या २७ आज्ञावल्या, एकमेकांशी सल्लामसलत न करता, वेगवेगळ्या लिहवून घेतल्या आणि प्रत्येकीची दहा लक्ष वेळा परीक्षा केली. एकेकटी आज्ञावली मोठी विश्वासू निघाली. पण ज्या थोड्या वेळा चूक झाली, त्या वेळा अनेक आज्ञावल्या एकाच ठिकाणी एकदम चुकल्या, आणि त्या इतक्या प्रमाणात की स्वातंत्र्याचे गृहीतक टिकेना. लिहिणारे हात निराळे होते, बसण्याच्या जागा निराळ्या होत्या, तरी प्रश्नातील अवघड जागा सर्वांना सारखीच अवघड होती. एकमेकांना कधी न भेटलेली माणसे जर एकाच खड्ड्यात पडू शकतात, तर एकाच घरात वाढलेल्या यंत्रांविषयी काय बोलावे?

घर खरोखरच एक आहे. बाहेरून नावे पाहिली तर विविधता फार दिसते. आत डोकावले तर डोळा पुष्कळदा तोच निघतो. गूगलचे २०२४ सालचे पालीजेम्मा हे मॉडेल घ्या, किंवा हगिंग फेस या संस्थेचे स्मॉलव्हीएलएम घ्या. दोघांच्या बोलण्याचा भाग निरनिराळा आहे, पण पाहण्याचे काम दोघांतही सिग्लिप नावाच्या एकाच कुळातील दृष्टियंत्राकडे सोपविलेले आहे. हे दृष्टियंत्र आंतरजालावरील असंख्य चित्रे व त्यांच्याखालील मजकूर यांच्या जोड्या जुळवीत शिकलेले असते, आणि त्या चित्रांत जे वारंवार आले ते त्याला चटकन दिसते, जे क्वचित आले ते दिसूनही ओळखू येत नाही. शिवाय अशा दृष्टियंत्रांच्या पाहण्याची रीतही ध्यानात घेतली पाहिजे. लाव्हा या प्रसिद्ध मॉडेलाच्या २०२३ सालच्या सुधारलेल्या आवृत्तीत, चित्र मुळात कितीही मोठे असो, ते ३३६ बिंदू लांब व तितकेच रुंद अशा चौकोनात बसविले जाते, त्या चौकोनाच्या १४ बिंदूंच्या बारीक फरश्या पाडल्या जातात, एका ओळीत २४ आणि एकूण ५७६, आणि यंत्र पुढे जो काही विचार करते तो या ५७६ फरश्यांविषयीच करते. एखादी लहान खूण आकुंचनाच्या पहिल्याच पायरीवर पुसली गेली, तर पुढे कितीही वाद रंगला तरी ती परत येत नाही.

आता एक उदाहरण जवळून पाहू. जत्रेत किंवा तीर्थक्षेत्री अंगावर झूल आणि गळ्यात कवड्यांची माळ घातलेली, वशिंडाच्या बाजूने पाचवा आखूड पाय लोंबत असलेली गाय घेऊन हिंडणारे लोक आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहेत. अशा गाईचे छायाचित्र यंत्रापुढे ठेवून पाय किती असे विचारले, तर उत्तर काय यावे? २०२५ साली संशोधकांनी याच जातीची परीक्षा घेतली: प्राण्यांच्या चित्रांत एखादा पाय वाढवून आघाडीच्या मॉडेलांना पायांची संख्या विचारली, आणि मॉडेलांनी मोठ्या आत्मविश्वासाने बहुतेक वेळा चारच पाय सांगितले. पुन्हा नीट पाहा, मोजून सांगा, असे बजावूनही फारसा फरक पडला नाही. आघाडीच्या मॉडेलांची ही कथा, तर लहानांकडून अधिकाची अपेक्षा करण्यास आधार नाही. ही चूक नजरेच्या मंदपणाची नव्हे. यंत्राने गाय ओळखली आणि ओळखल्यानंतर मोजणे सोडून दिले, कारण गाईला चार पाय असतात हे त्याला आधीच ठाऊक होते. आपल्या तार्किकांच्या परिभाषेत सांगायचे तर त्याने प्रत्यक्षाच्या नावाखाली स्मृती पुढे केली. अशा तीन यंत्रांना एकत्र बसविले तर तिन्ही चार म्हणतील, एकमेकांचे समर्थन करतील, आणि शेवटी जो निवाडा लिहिला जाईल त्यावर संशयाची रेघही नसेल.

चाचपडणाऱ्या आंधळ्यांची आणि हत्तीची कथा या संदर्भात हटकून सांगितली जाते. पाली वाङ्मयातील उदान या ग्रंथात ती आहे आणि जैनांनीही अनेकान्ताच्या विवरणात ती आपलीशी केली आहे. परंतु त्या कथेतील आंधळे एका अर्थाने भाग्यवान होते, कारण प्रत्येकाच्या हाताखाली हत्तीचा निराळा अवयव आला होता. कोणी सोंड चाचपली, कोणी कान, कोणी पाय, आणि त्यांच्या भांडणातच संपूर्ण हत्तीचा मालमसाला पडून होता. आपल्या यंत्रांची अवस्था याच्या उलट आहे. ती सर्व एकच पाय चाचपून एकमताने खांब म्हणतात. या अवस्थेला मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी अंधपरंपरा असे नाव दिले आहे: रंगाविषयी एका जन्मांधाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि परंपरा कितीही लांबली, तिच्यात कितीही माणसे सामील झाली, तरी मुळाशी ज्याने रंग पाहिला असा कोणी नसल्याने तिच्यातून रंगाचे ज्ञान निघत नाही. संख्येने प्रामाण्य उत्पन्न होत नाही, हा सिद्धांत येथे इतक्या स्वच्छ स्वरूपात मांडला गेला आहे की आजच्या संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तो जसाच्या तसा घालावा.

मग प्रामाण्य उत्पन्न कशाने होते? न्यायदर्शनाचे उत्तर असे की शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. आणि आप्त कोण, तर ज्याने वस्तू साक्षात् जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो तो. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात याला एक जोड दिली आहे, आणि मला ती भारतीय विचारातील उदार वचनांपैकी एक वाटते: ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही हे लक्षण सारखेच लागू आहे. म्हणजे आप्तत्व कुळावरून येत नाही. वस्तूशी असलेल्या संबंधावरून येते. हे लक्षण यंत्राला लावण्यास मग तात्त्विक हरकत कोणती? लोभ त्याला नाही, वैर नाही, कोणाची भीड नाही. उत्तरकालीन ग्रंथकारांनी पुरुषाच्या वचनात येणारे जे चार दोष गणले आहेत, भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा आणि करणापाटव, त्यांतील विप्रलिप्सा, म्हणजे फसविण्याची इच्छा, यंत्राच्या माथी मारणे अवघड आहे. परंतु उरलेले तीन दोष त्याच्यात भरपूर आहेत: पाच पायांऐवजी चार दिसणे हा भ्रम, मोजण्याचे टाळणे हा प्रमाद, आणि ५७६ फरश्यांत न मावणारे बारीक चिन्ह गमावणे हे करणापाटव, इंद्रियाचे अपुरेपण. या तिघांवरचे उपायही तीन निरनिराळे आहेत. मात्र तिघांवर एकच बहुमताचा लेप लावण्याची जी घाई आज दिसते तिच्याशी मी सहमत होऊ शकत नाही.

येथे मीमांसक आणि नैयायिक यांच्या जुन्या वादाची गाठ पडते. मीमांसकाचे म्हणणे, ज्ञान हे स्वतःच प्रमाण असते. बाधक ज्ञान उभे राहीपर्यंत किंवा साधनातील दोष उघड होईपर्यंत त्यावर विश्वास ठेवणे हाच न्याय्य मार्ग, अन्यथा एका ज्ञानाची परीक्षा दुसऱ्याने, दुसऱ्याची तिसऱ्याने, अशी परीक्षेची परंपरा कधी थांबायचीच नाही. नैयायिकाचे म्हणणे, प्रामाण्य बाहेरून सिद्ध व्हावे लागते. एका मॉडेलाला दुसऱ्याने तपासावे ही योजना वरकरणी नैयायिकाच्या बाजूची दिसते, आणि अनवस्थेचा मीमांसकाचा आक्षेप तिला तंतोतंत लागू पडतो: तपासणाऱ्याला कोणी तपासायचे? परंतु खुद्द नैयायिकाने तपासणी दुसऱ्या मतावर नेऊन थांबविली नव्हती. वात्स्यायनाच्या भाष्याचे पहिलेच वाक्य प्रवृत्तीच्या साफल्याविषयी आहे. दूरवर पाणी दिसले, माणूस उठून तेथे गेला आणि त्याची तहान भागली, तर ते पाण्याचे ज्ञान खरे; वाळू हाती लागली, तर ते मृगजळ. परीक्षा अखेरीस वस्तूपाशी जाऊन होते. लहान दृश्य-मॉडेलांच्या सभेत नेमके हेच होत नाही. तेथे कोणी उठून पाण्यापर्यंत जात नाही. सर्व जागच्या जागी बसून पाणी आहे की नाही याविषयी एकमेकांची मते ऐकतात.

यासाठीच या सभांतील वादविवादाकडे मी अधिक काळजीने पाहतो. मॉडेलांनी एकमेकांची उत्तरे वाचून आपले उत्तर सुधारावे, ही रीत २०२३ पासून विशेष चर्चेत आली आणि काही ठिकाणी तिने निकाल सुधारल्याचेही दिसले. पण त्या सुधारणेतला मोठा वाटा वादाचा नसून निव्वळ मतमोजणीचा असावा, असे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. शिवाय या यंत्रांना होकाराची खोड आहे. समोरच्याने ठाम शब्दांत काही सांगितले की आपले बरोबर उत्तर सोडून त्याच्या मागे जाण्याकडे त्यांचा कल असतो. माणसांच्या न्यायसभेत हा दोष पुरातन काळापासून ओळखला गेला होता. यहुदी धर्मशास्त्राच्या मिश्नामध्ये असा दंडक आहे की देहान्त शिक्षेच्या खटल्यात मत देण्यास प्रारंभ कनिष्ठ न्यायकर्त्यांपासून व्हावा, म्हणजे ज्येष्ठाचा शब्द ऐकून त्यांची जीभ अडखळणार नाही. आणि तालमुदात त्याहूनही आश्चर्यकारक वचन नोंदलेले आहे: न्यायसभेतील सर्वच्या सर्व सभासद आरोपीला दोषी म्हणू लागले, तर त्याला सोडून द्यावे. कारण असे दिले आहे की, निवाडा एक रात्र पुढे ढकलण्याची शास्त्राज्ञा आहे ती आरोपीच्या बाजूचे काही सुचावे म्हणून, आणि जेथे सर्वांचीच मते ठरली तेथे ते शोधणारा कोणी उरत नाही. दानिएलाच्या ग्रंथाला जोडलेल्या सुसान्नेच्या कथेतही, जी कॅथलिक ख्रिस्ती पवित्र मानतात, तिच्यावर खोटा आरोप करणाऱ्या दोघा प्रतिष्ठितांचे एकमत तरुण दानिएलाने फोडले ते त्यांना एकमेकांपासून दूर नेऊन. तिला कोणत्या झाडाखाली पाहिलेत, एवढाच प्रश्न त्याने दोघांना स्वतंत्रपणे विचारला, आणि दोघांनी दोन जातींची झाडे सांगितली. धर्मपरंपरांनी एकमताचा इतका धसका घेतला होता हे विसरून आपण यंत्रांच्या एकमताला मुजरा करावा, हे मला पटत नाही.

सहकार्य निरर्थक आहे असे मात्र मी म्हणत नाही. सहकार्य मतांचे न होता पाहण्याचे झाले पाहिजे. एका यंत्राला संपूर्ण चित्र द्यावे, दुसऱ्याला त्याचा एक कोपरा कापून, मोठा करून द्यावा, तिसऱ्याला दुसरा. म्हणजे त्याच ५७६ फरश्या आता केवळ त्या कोपऱ्यावर पसरतील आणि आकुंचनात पुसलेली खूण पुन्हा उमटेल. ज्याला गाय दिसतच नाही, केवळ वशिंड आणि त्याखालचे कातडे दिसते, त्याला गाईला चार पाय असतात हे आठवण्याचे कारण उरत नाही, आणि येथे काहीतरी लोंबते आहे असे तो सांगण्याचा संभव वाढतो. हत्तीच्या आंधळ्यांचे भाग्य अशा रीतीने यंत्रांना मुद्दाम मिळवून देता येते. त्याचप्रमाणे सभेसाठी मॉडेले निवडताना त्यांची नावे न पाहता त्यांचे डोळे पाहावे, आणि एकाच कुळातील तिघांऐवजी भिन्न कुळांतील दोघे पत्करावे. सांगता येत नाही, हे उत्तर देण्याची मुभा प्रत्येकाला असावी, आणि ते उत्तर पराभव समजले जाऊ नये.

एवढे करूनही एक गोष्ट शिल्लक राहते, आणि ती तर्काची नसून धर्माची आहे. मराठेशाहीत वतनाचा किंवा सीमेचा तंटा गोतापुढे आला म्हणजे वादी-प्रतिवादींच्या तक्रिरी लिहून घेत, निवाडा मान्य करण्याविषयी त्यांचे राजीनामे आणि जामीन घेत, साक्षीपुरावा होई, आणि शेवटी जो महजर, म्हणजे निवाड्याचा दस्तऐवज, तयार होई त्यावर हजर असलेल्या मंडळींची नावे चढत, ज्याला लिहिता येत नसे त्या कुणब्याची नांगराची निशाणी होई. खोट्या साक्षीने आपले बेचाळीस पूर्वज अधोगतीला जातात या समजुतीच्या ओझ्याखाली साक्षीदार बोलत असे. ती समजूत आज कोणी मानो वा न मानो, तिच्यात साक्षीचे एक मर्म साठविलेले होते: साक्ष देणारा स्वतःला पणाला लावतो. यंत्र काहीही पणाला लावीत नाही. पाच पणाला न लागलेल्यांची बेरीज केल्याने एक पणाला लागलेला तयार होत नाही, म्हणून त्यांच्या निवाड्याखाली कोणा माणसाची निशाणी असणे अपरिहार्य आहे, आणि त्या माणसाला निशाणी करण्यापूर्वी काय काय पाहता आले पाहिजे हे ठरविणे आपले काम आहे. माझ्या मते प्रत्येक मॉडेलाने इतरांचे ऐकण्यापूर्वी दिलेली पहिली जबानी जशीच्या तशी दप्तरात राहावी. कोणाचा डोळा कोणत्या कुळातला याची नोंद तिच्याशेजारी असावी. आणि पाचांपैकी एकाचे म्हणणे वेगळे पडले असेल, तर ते बहुमतात विरघळवून न टाकता, रुग्णाच्या किंवा शेतकऱ्याच्या हाती जो कागद पडतो त्या कागदावर तसेच लिहिले जावे.